‘लिटल प्रोफेसर’ला मास्तर करू नका

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक फोटो फिरतो आहे. हातात मावणारं यंत्र, त्यावर चष्मा आणि मिशा असलेल्या प्राध्यापकाचं चित्र. सोबतचा दावा थोडक्यात असा: हे यंत्र मुलांना शिक्षकाशिवाय गणित शिकवायचं, चूक समजावून द्यायचं, आतल्या 16,000 उदाहरणांत सगळं अंकगणित होतं, त्यानं मेंदू तल्लख व्हायचा. आता तसलीच अ‍ॅप्स मिळतात, मग मुलांना पाढे घोकायला कशाला लावायचं?

यंत्र खरं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीनं 1976 साली काढलेला हा ‘लिटल प्रोफेसर’. मला तो मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेल्या या गोष्टी खटकतात.

आधी ‘चूक समजावून द्यायचं’ हे घेऊ, कारण बाकीचा दावा त्यावरच उभा आहे. हा खेळ म्हणजे उलटा कॅल्क्युलेटर. उदाहरण तो घालतो, उत्तर मुलानं द्यायचं. बरोबर आलं की पुढचं उदाहरण. चुकलं तर पडद्यावर ‘ईईई’ अशी तीन इंग्रजी अक्षरं. तीनदा चुकलं की बरोबर उत्तर दाखवून मोकळा. बस, एवढंच. का चुकलं, याबद्दल एक अक्षर नाही.

समजा 42 मधून 17 वजा करायचे आहेत आणि मुलानं 35 लिहिलं. दुसरी-तिसरीला शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना ही चूक पाहताक्षणी ओळखू येते. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून मुलानं 7 मधून 2 वजा केले. दशक सुटा करायचा असतो हे त्याला उमगलेलंच नाही. बाई काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा काड्या त्याच्यासमोर मोकळ्या करतात. यंत्राच्या लेखी मात्र 35 आणि 99 ही सारखीच चुकीची उत्तरं. तिसऱ्या चुकीनंतर 25 दिसतात, मूल ते बघतं आणि पुढच्या वजाबाकीत पुन्हा तेच करतं.

16,000 हा आकडा कंपनीच्याच जाहिरातीतला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, आणि काठिण्याच्या चार पातळ्या, असा तो सगळा पसारा. पण आकड्यानं दिपून जायचं कारण नाही. एक ते दहाचे पाढे दहापर्यंत म्हणजे 100 गुणाकार. सात आठे आणि आठ साते एकच धरले तर उरतात 55. ते पक्के झाले आणि हातचा समजला की मोठे गुणाकार त्यातूनच निघतात. उदाहरणं हजारो असल्यानं सराव भरपूर होतो, हे खरंच. पण त्यात अपूर्णांक नाहीत आणि शाब्दिक उदाहरणं नाहीत. दुकानात इथे बेरीज करायची की वजाबाकी, हे ठरवायची वेळ या खेळात कधी येतच नाही, कारण चिन्ह आधीच छापून येतं.

पाढ्यांची गरज संपते, हे तर अगदीच उलटं. 8 × 7 समोर आलं की 56 आठवावेच लागतात. हा खेळ पाढ्यांची उजळणीच घेतो. दहा उदाहरणांच्या फेरीअखेर पहिल्याच प्रयत्नात किती बरोबर आली तेवढेच गुण दाखवतो, म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. ही त्याची खरी ताकद. तो कंटाळत नाही, ओरडत नाही, सगळ्या वर्गासमोर उभं करत नाही. पाढे विचारले की ज्या मुलाच्या पोटात गोळा येतो त्याला एकांतात चुकायची मुभा मिळते, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

मेंदू तल्लख होण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. 2010 साली ‘नेचर’मध्ये 11,430 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकावरचे मेंदूचे व्यायाम सहा आठवडे केल्यावर लोक त्या व्यायामांत सुधारले, पण त्याचा फायदा इतर कसोट्यांत दिसला नाही. तो अभ्यास प्रौढांचा होता, मुलांचा नव्हे, पण सरसकट ‘तल्लख’ म्हणणाऱ्यांनी तो वाचायला हवा.

राहता राहिलं ‘शिक्षकाशिवाय’. याच कंपनीनं 1977 मध्ये ‘डेटामॅन’ आणला. त्यात ‘मेमरी बँक’ नावाची सोय होती: आपल्याला हवी ती उदाहरणं यंत्रात भरून ठेवायची आणि मग मुलानं ती सोडवायची. आता ती उदाहरणं निवडणार कोण? मूल नेमकं कुठे अडतं हे ज्यानं पाहिलंय, तोच. अ‍ॅप जरूर द्या. पण चुकलेली उदाहरणं मुलाला वहीत उतरवायला सांगा आणि संध्याकाळी शेजारी बसून एवढंच विचारा: हे 35 कसे काढलेस, दाखव बघू.