26,500 पौंड कशाचे, ते तरी सांगा!

आली एकदाची काउंटर-नोटीस. फ्लॅटचं लीज, म्हणजे ठराविक वर्षांचा भाडेपट्टा, वाढवून मागितलं होतं; त्यावर फ्रीहोल्डरचं, म्हणजे जमीनमालकाचं, हे उत्तर. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पावणेपाचला. आधी कशाला येईल? 1993 च्या कायद्याच्या सेक्शन 42 ची नोटीस, म्हणजे लीज वाढवायची आपली मागणी, गेली की फ्रीहोल्डरला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावेच लागतात, आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर आपण लिहिलेल्या अटींवरच नवं लीज मागायला कोर्टात जाता येतं. हे लोक एवढ्या एकाच तारखेला घाबरतात. बाकी सगळ्या तारखा आपल्या उरावर.

आकडा बघा. लंडनच्या हॅरोतला एका बेडरूमचा फ्लॅट, लीज वाढवल्यावरची किंमत तीन लाख पौंड. शिल्लक वर्षं 78. ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, वर्षाला 100, शेवटपर्यंत तेवढाच. लीज वाढवायला त्यांना द्यायची रक्कम म्हणजे प्रीमियम. आपला प्रस्ताव 11,800. त्यांचा 26,500!

कुठून काढला? लीज संपल्यावर फ्लॅट त्यांच्याकडे जातो, ती किंमत आजच्या भावात आणायचा दर म्हणजे डिफरमेंट रेट. तो लावलाय सव्वाचार टक्के. अरे, स्पोर्टेली खटल्याचा निकाल 2006 चा, फ्लॅटला 5 टक्के ठरून गेले, हे त्यांच्या व्हॅल्युअरला झोपेत उठवलं तरी सांगता येईल. फ्रीहोल्ड धरून किंमत एक टक्का जास्त, म्हणजे 3,03,000; तिला 5 टक्क्यांनी 78 वर्षं मागे आणा, 6,740 होतात. ग्राउंड रेंटचे 6 टक्क्यांनी 1,650. पण यांच्या सव्वाचारनं 6,740 चे थेट 11,790 होतात. वर रिलेटिव्हिटी, म्हणजे आत्ताच्या लीजवर फ्लॅट पूर्ण किमतीच्या किती टक्क्यांना जाईल तो आकडा, 86 टक्के! 78 वर्षांच्या लीजला 86? आपण 94 धरलेत. वाद घालायचाच तर 92 वर घाला, तिथं बोलता येईल. तिथंही दोन टक्क्यांचा फरक म्हणजे प्रीमियममध्ये सरळ तीन हजार पौंड. आणि हे सगळं एका आलेखावरून, ज्यावरून दोन व्हॅल्युअर आयुष्यभर भांडू शकतात. दोघांचीही फी आपणच भरायची!

आणि त्यांच्या व्हॅल्युअरचा तो रिपोर्ट. त्यात फ्लॅटला 'बाल्कनी' आहे. बाल्कनी! फ्रेंच विंडोबाहेर भिंतीला चिकटलेला लोखंडी कठडा आहे तो. त्यावर पाय ठेवायला सोडा, तुळशीची कुंडी ठेवायला जागा नाही. त्या कठड्याची किंमत धरलीय, त्या किमतीवर प्रीमियम काढलाय, आणि तो काढणाऱ्याचं बिल सेक्शन 60 खाली आपल्या नावावर. शिवाय 'कुरिअर, 85 पौंड अधिक व्हॅट'. नोटीस आली ईमेलनं! पीडीएफ तिरकी स्कॅन केलेली, आडनावाचं स्पेलिंग एकाच पानावर तीन तऱ्हेचं, आणि कुरिअरचे 85. कोण घेऊन आला तो कुरिअर, कबूतर? सेक्शन 60 मध्ये 'वाजवी' खर्च लिहिलाय. टायटल तपासणं, व्हॅल्युएशन, नव्या लीजचा मसुदा, संपलं. प्रीमियमचा वाद जिथं जातो त्या ट्रिब्युनलमधला त्यांचा खर्चसुद्धा त्यात बसत नाही. तरी प्रत्येक बिलात हळूच काहीतरी सरकवलेलं असतंच.

यांना आकडा काहीही टाकायला मोकळीक आहे, हे खरं दुखणं. 1998 मध्ये एका लीजहोल्डरनं नोटिशीत प्रीमियम 100 पौंड लिहिला, कोर्टानं नोटीसच बाद केली. आणि फ्रीहोल्डरनं वाट्टेल तो आकडा लिहिला तर? 2005 मध्ये, याच 1993 च्या कायद्याखालच्या प्रकरणात, अपील कोर्ट म्हणालं की त्यांचा आकडा वास्तववादी असायलाच हवा असं नाही. घ्या! आपला 100 बाद, त्यांचे 26,500 चालतात.

मॅरेज व्हॅल्यूबद्दल, म्हणजे लीज वाढल्यानं चढणाऱ्या किमतीबद्दल, तर बोलायलाच नको. शिल्लक 80 वर्षांच्या वर एक दिवस असला तर शून्य, खाली गेला की वाढलेल्या किमतीचा अर्धा वाटा त्यांचा. 24 मे 2024 ला कायदा मंजूर झाला. मॅरेज व्हॅल्यू रद्द, लीजची वाढ 90 ऐवजी 990 वर्षं, त्यांचा खर्च त्यांच्या माथी. वाचून वेम्बलीत पेढे वाटायचेच बाकी होते. लागू काय झालं? 31 जानेवारी 2025 पासून दोन वर्षं मालकीची अट गेली, लीज वाढवण्यापुरतं तेवढंच. बाकीचं कागदावर. थांबावं तर लीज दरवर्षी झिजतं, जावं तर जुना हिशोब.

डोंबिवलीत सोसायटीनं मेंटेनन्सचे पन्नास रुपये वाढवले तर सेक्रेटरीला सभेत घाम फोडणारी जात आपली. इथं 26,500 चा आकडा बघून उत्तर काय गेलं? 'थँक यू फॉर युअर ईमेल'. वर 'काइंड रिगार्ड्स'. धन्य आहे.

तोंडी गोड बोलून 'इन्फॉर्मल' ऑफर देणारे तर वेगळीच जमात. 'कायद्याच्या भानगडीत कशाला पडता, 99 ची 125 करून देतो, 28 दिवसांत सही करा.' मोजायची मूळ तारखेपासून, म्हणजे मिळाली फक्त 26 वर्षं. कायद्यानं जातो त्याला शिल्लकीवर 90, आणि ग्राउंड रेंट पहिल्या दिवसापासून शून्य. यांच्या मसुद्यात जुनी मुदत संपेपर्यंत ग्राउंड रेंट तसाच, आणि मधल्या पानात मांजर पाळायच्या परवानगीचीही फी. मांजराची! लॉबीतला दिवा महिनोन्‌महिने बंद, सर्व्हिस चार्ज मात्र तारखेला हजर, त्याची आठवण आत्ता नको, बीपी वाढतं.

नोटीस गेलेल्यांनी निदान एवढं करा. ती लँड रजिस्ट्रीत नोंदवा, नाहीतर फ्रीहोल्ड विकला गेला की नव्या मालकावर ती लागू होत नाही. फ्रीहोल्डर आणि आपल्या मध्ये हेड-लीजवाला, म्हणजे मधला मोठा लीजधारक, बसलाय का ते टायटल, म्हणजे मालकीची नोंद, काढून बघा. चुकीच्या मालकाला गेलेली नोटीस फुकट जाते. 10 टक्के डिपॉझिट मागितलं तर 14 दिवसांत द्यावं लागतं, पैसे हाताशी ठेवा. काउंटर-नोटिशीनंतर ट्रिब्युनलला अर्ज दोन महिन्यांच्या आधी नाही आणि सहा महिन्यांनंतर तर नाहीच. सहावा महिना उलटला की नोटीस मागे घेतली असं धरतात, त्यांचा खर्च आपण भरायचा आणि नवी नोटीस 12 महिने काढता येत नाही. 'बोलणी चालू आहेत' असं म्हणत त्यांचा सॉलिसिटर पाचवा महिना आरामात खातो. आकड्यावर एकमत झालं तरी हुश्श करू नका: दोन महिन्यांत लीज पूर्ण झालं नाही, तर पुढच्या दोन महिन्यांत कोर्टात अर्ज करावा लागतो. तोही चुकला तर पुन्हा तेच.

ट्रिब्युनलचा अर्ज तयार आहे, पहिल्याच दिवशी जाईल. सोबत त्या कठड्याचा फोटोही जाणार, शेजारी फूटपट्टी धरून काढलेला.