एर्लेंड म्हणजे परदेशी

स्कॉटलंडमध्ये बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, आणि आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी होते. ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉल गावी जन्मलेला आमचा मुलगा आज नऊ दिवसांचा आहे. पत्नी याच बेटांवरची, मी वाईचा. मुलाचे नाव एर्लेंड ठेवायचे आम्ही ठरवले आहे, आणि ते कळल्यापासून घरच्या व्हॉट्सॲप गटावर जी चर्चा चालली आहे तिला नीट उत्तर द्यावेसे वाटते, कारण त्यातले आक्षेप केवळ आमच्याच घरातले नाहीत.

सर्वांत सौम्य सूचना परदेशात राहणाऱ्या मराठी मित्रांची आहे. नील, जय, रोहन यांसारखे दोन्हीकडे चालेल असे नाव ठेवा, म्हणजे मुलाला शाळेत त्रास होणार नाही, असे ते म्हणतात. ही नावे गोड आहेत. पण ज्या कारणासाठी ती सुचवली जातात ते कारण मला मान्य नाही. त्यात नावाची निवड प्रेमाने होत नाही, ‘ळ’ नको, ‘ज्ञ’ नको, जोडाक्षर नको अशा वगळण्यातून होते. स्कॉटलंडमधल्या गेलिक या जुन्या भाषेच्या भाषकांनी हा मार्ग पूर्वीच चालून पाहिला आहे. टॉर्मोड या नावाच्या माणसाची इंग्रजी कागदावर नॉर्मन अशी नोंद होई, आणि सोर्ली नावाच्या माणसाची सॅम्युएल अशी. या नावांचा एकमेकांशी अर्थाने काही संबंध नव्हता. सरकारी कारकुनाला सोयीचे, एवढेच त्यांचे नाते. आज त्याच स्कॉटलंडमध्ये रुअरी हे नाव मूळ गेलिक वर्णांनी लिहिले जाते, त्यातली शेवटची दोन अक्षरे उच्चारात ऐकूही येत नाहीत, आणि तरी वर्गातली सगळी मुले ते बिनचूक म्हणतात. जी मुले हे शिकतात ती ज्ञानेशही शिकतील.

मग ज्ञानेशच का नाही, हा आईचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला या बेटांत सापडते. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकले. हुंडा कधी पुरा झाला नाही आणि बेटेही सुटली नाहीत. नॉर्वेकडून आलेली इथली नॉर्न ही भाषा त्यानंतर हळूहळू मागे हटत गेली आणि अखेर बोलणारे कोणी उरले नाही. उरली ती गावांची, खाड्यांची आणि माणसांची नावे. माझ्या मुलाच्या मराठीचेही असेच काही होऊ शकते, याची जाणीव मला रात्री त्याला मांडीवर घेतले असताना होते. म्हणूनच ज्या लोकांनी भाषा गमावूनही नावे जपली, त्यांच्या जपलेल्या नावांपैकी एक त्याला मिळावे असे वाटते.

नावे आम्ही बरीच पाहिली. टॉर्किल आवडले होते; त्यात थॉर या जुन्या नॉर्वेतल्या देवाचे नाव आहे आणि स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचे मॅक्लाउड घराणे स्वतःला टॉर्किलचे कूळ म्हणवी. मॅग्नसही मनात होते. कर्कवॉलचे ११३७ साली बांधायला घेतलेले कॅथीड्रल संत मॅग्नसचेच आहे, आणि या मूळ लॅटिन शब्दाचे आपल्या ‘महा’शी अगदी जवळचे नाते आहे. पण मॅग्नस इथे घरोघरी आहेत. एर्लेंड हे त्या मॅग्नसच्या वडिलांचे नाव, आणि आज ते मोजक्या घरांतच आढळते. दुर्मीळ म्हणून आम्ही ते घेतले, असे मात्र नाही. महाराष्ट्रात सध्या कोणाकडेच नसलेले नाव शोधण्याची जी घाई दिसते, आणि त्यात अर्थही ज्याचा त्याने ठरवलेला असतो, तिचे मला दुःख होते. नाव थोड्यांचे असावे. पण कोणाचेच नसलेले नाव मुलाला कशाशी जोडणार?

‘आपले नाव नाही’ हा आक्षेप अधिक कठोर आहे. २०२४ साली एका मराठी अभिनेत्याला मुलाच्या फारसी वळणाच्या नावावरून इतका छळ सोसावा लागला की शिवाजी महाराजांची भूमिका यापुढे करणार नाही, असे त्याने जाहीर केले. ते वाचून मी फार अस्वस्थ झालो होतो. महाराजांच्या वडिलांचे शहाजी आणि चुलत्यांचे शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ या पिराच्या श्रद्धेतून ठेवली गेली, अशी परंपरा आपणच सांगतो. फिरंगोजी, सर्जेराव, हैबतराव ही नावे आज कोणाला परकी वाटतात? नाव आपले होते ते ती माणसे आपल्यात जगल्यामुळे.

राहिला अर्थ. नॉर्वेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत एर्लेंड म्हणजे परदेशी, परक्या मुलखातला. हे ऐकून आई रडली. नातवाला जन्मभर परका म्हणून हाक मारायची का, असे तिने विचारले. मी तिला आमच्याच आळीतल्या परदेशी आडनावाच्या कुटुंबाची आठवण करून दिली, ज्यांना आम्ही कधीही बाहेरचे मानले नाही. याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नव्हते. तिचे समाधान खरे तर माझ्या सासऱ्यांनी केले. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव द्यावे, अशी जुनी स्कॉटिश रीत आहे, आणि ती सांगून त्यांनी माझ्या वडिलांचे नाव विचारले. आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव देत, आणि सून सासऱ्यांचे नाव घेत नसे म्हणून घरात हाकेचे नाव वेगळे असे. त्यामुळे मुलाचे दुसरे नाव दत्तात्रय ठरले, आणि ते इथल्या रीतीनेही योग्यच आहे.

परवा बारसे आहे. त्याची आत्या पुण्याहून येऊ शकत नसल्याने फोन बाळाच्या कानाशी धरून ‘कुर्र’ करणार आहे, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही नोंदणीला जाऊ. हेमिश हे प्रसिद्ध स्कॉटिश नाव मुळात शेमस या गेलिक नावाच्या माणसाला हाक मारताना होणारे रूप आहे, असे मी आईला सहज सांगितले होते. काल फोनवर बाळ रडू लागले तेव्हा तिने पहिल्यांदा नाव घेतले, आणि म्हणाली, “एर्लेंडा, उगी रे.”