पोतं रानातच हाय की

परभणीला बहिणीकडं गेलो, तर भाच्याचा लॅपटॉप पुढ्यात आला. विंडोज नव्यानं टाकायचं. काम तासाभराचं; पण शेजारी बहिणीचे सासरे, तात्या, पाट सरकवून बसले.

भाच्यानं साडेपाच जीबीची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजचं अख्खं गाठोडं, पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवली होती.

“झालंच की मग पाव्हणं. लावा.”

“तात्या, नुसती कॉपी चालत नाही.”

“का?”

इथं मी चुकलो. त्यांच्या भाषेत समजवायला गेलो. म्हणालो, सोयाबीनचं पोतं बांधावर टाकलं म्हणजे पेरणी होते का? लॅपटॉप सुरू होताना ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल हुडकतो. ती आयएसओच्या पोटात बंद असली तर त्याला दिसणार कशी?

तात्यांनी सुपारी कातरली. “बांधावर कशाला? पोतं रानातच हाय की.”

“पण तोंड बांधलेलं आहे ना!”

“मग सोडा की तोंड.”

रूफस नावाचं पेनड्राइव्ह तयार करायचं सॉफ्टवेअर नेमकं तेच करतं, हे मी बोलून बसलो. “मग मी काय म्हणायलो?” तात्या सुनेकडं बघून म्हणाले. आम्ही मुलीकडचे, गप्प बसलो.

तोंड सोडलं तरी गोम असतेच. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती असतात; लॅपटॉपला हमखास वाचता येते ती फॅट३२, आणि तीत ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. विंडोजचा मुख्य ऐवज असलेली ‘इन्स्टॉल डॉट विम’ नेमकी त्याहून मोठी. म्हणून रूफस एनटीएफएस ही दुसरी मांडणी करतं आणि ती वाचता यावी म्हणून शेवटी एक चिमुकलं पार्टिशन जोडतं. तेही रुचलं नाही तर विंडोजच्याच डिझम या आज्ञेनं त्या फाइलचे ३८०० एमबीचे तुकडे पाडायचे. पार्टिशनची नोंद जीपीटी पद्धतीची ठेवायची. एमबीआर ही जुनी पद्धत, जुन्या बायोसच्या मशीनसाठी. आणि पेनड्राइव्ह फाटक्या भावात मिळालेला असेल तर रूफसमधली बॅड ब्लॉकची, म्हणजे खराब जागांची, तपासणी आधी करावी. वर ६४ जीबी छापून आत ८ भरलेले पेनड्राइव्ह राजरोस विकतात, आणि शिव्या खातो तो विंडोज टाकणारा.

मग बूट मेनू, म्हणजे ‘पेनड्राइव्हवरून सुरू हो’ असं लॅपटॉपला सांगायची जागा. त्याचं बटण कुणाचं एफ१२, कुणाचं एफ९, कुणाचं एस्केप. सगळ्यांनी मिळून एक बटण ठरवायला काय जातं? बटण दाबायला मिळतात दोन सेकंद, आणि त्यातच तात्या विचारतात, “पाव्हणं, काय बडवायलाव?”

चौथ्या खेपेला विंडोज सेटअपचा निळा पडदा आला. मी विजयानं तात्यांकडं पाहिलं. पुढं ‘कुठं टाकायचं’ ही यादी आली, ती कोरी. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलवर व्हीएमडी ही डिस्क हाताळायची सोय चालू असली की सेटअपला बहुतेकदा डिस्कच दिसत नाही. डिस्क दिसावी म्हणून इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर, तोही नुसती एक्झी फाइल नव्हे, उलगडून आयएनएफ फाइलीसकट पेनड्राइव्हवर आधी ठेवावा लागतो. मी ठेवला नव्हता.

तात्यांनी चष्मा लावून कोरी यादी नीट पाहिली.

“बी हाय. तिफण हाय. रान कुठंय पाव्हणं?”

ताईनं चहा आणला. पहिला कप तात्यांना.