घोडे-गाढवं जप्त करा म्हणे! करा, पण ठेवणार कुठे?

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, माहेरच्या ग्रुपवर एकदा आणि परवा तर शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पण. थोडक्यात असा: "2015 मध्ये कोर्टाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद केल्या आणि घोडे सुटले. आता वरातीचे, चौपाटीवरचे घोडे आणि रेती वाहणारी गाढवं पण जप्त करून मोकळी सोडा. कायदा आहेच, फक्त अंमलबजावणी करा. आजच्या मुंबईला या जनावरांची गरज नाही. सहमत असाल तर पुढे पाठवा."

मी सहमत नाहीये. आणि मी काही घोडेवाल्यांची बाजू घ्यायला बसलेली नाही. मी परळची, जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या जवळच्या चाळीत वाढलेली, तिथे पाय ओढत आलेले घोडे शाळेत जाता-येता बघितलेत, त्यामुळे व्हिक्टोरिया गेल्या तेव्हा मला गळा काढावासा वाटला नाही. पण मेसेजमधली एकेक ओळ घेतली ना की खाली काहीच नाही.

"घोडे सुटले." कशातून सुटले? 8 जून 2015 चा हायकोर्टाचा आदेश होता तो मौजेखातर फिरवायच्या घोडागाड्यांबद्दल. त्या बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करायला सांगितल्या, शहरातल्या तबेल्यांकडे महापालिकेचं लायसन्स नाही हेही आलं, आणि गाडीवाल्यांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना सरकारने करायची असं ठरलं. म्हणजे कोर्टाला सुद्धा कळत होतं की गाडी बंद करणं हे अर्धंच काम आहे. बॅटरीवर चालणाऱ्या, बिनघोड्याच्या व्हिक्टोरिया आल्या त्या 2021 मध्ये. मधल्या काळात घोड्याने काय करायचं होतं, उपास? गाडी भंगारात घालता येते, घोडा नाही घालता येत. काम असो नसो, त्याला दिवसाला 25 ते 50 लिटर पाणी लागतं, चारा लागतो, दर सहा-आठ आठवड्यांनी खुरं कापायला नालबंद लागतो, आणि पोट बिघडलं तर डॉक्टर लगेच लागतो, कारण घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं तोंडावाटे परत येत नाही, पोटदुखीने घोडा एका रात्रीत मरू शकतो. नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं जगतो हो. त्यातली कमाईची वर्षं किती, नि उरलेल्या वर्षांचा खर्च कोणाचा?

खरा प्रश्न हाच आहे आणि मेसेजमध्ये तो कुठेच नाही. कमाई थांबली की मालक घोडा विकतो, त्यालाही घर चालवायचं असतं, घेणारा दुसऱ्या जिल्ह्यात नेतो, तिथून तो तिसऱ्याकडे जातो, आणि एक दिवस लंगडा घोडा कुठल्यातरी हायवेच्या कडेला उभा दिसतो तेव्हा तो कोणाचा हे सांगायला कागदच नसतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्याचे आई-बाप, जन्मतारीख सगळं स्टडबुकात, म्हणजे जातिवंत घोड्यांच्या नोंदवहीत असतं. गाईम्हशींच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो. आणि वरातीच्या घोडीची ओळख काय, तर "ती पांढरी". इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2020 पासून जवळजवळ सगळ्या घोड्यांना, तट्टांना आणि गाढवांना मायक्रोचिप सक्तीची केली, का, तर नको झालेले घोडे लोक दुसऱ्याच्या रानात सोडून पसार व्हायचे. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी जनावर मालकाच्या नावावर लावा. काम करताना, विकताना आणि म्हातारं झाल्यावरही. मग काय बंद करायचं ते बोलू.

आता "मोकळी सोडा". हे वाचून मी खरंच हसले. जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे! म्हणजे मेसेज क्रूरता थांबवायला सरकारला क्रूरताच करायला सांगतोय. आणि मुंबईत मोकळं म्हणजे कुठे? कचराकुंडीवर, प्लास्टिक खात. गाढवाला काही लागत नाही, उकिरड्यावर जगतं, हा आपला जुना समज, आपल्या शिव्यासुद्धा त्याच्यावरच. ते दुखणं दाखवत नाही एवढंच, घोडा निदान लोळतो, पाय आपटतो, गाढव मान खाली घालून उभं राहतं आणि आपण म्हणतो बघा किती शांत. 2012 च्या पशुगणनेत देशात गाढवं होती सव्वातीन लाखांच्या आसपास, 2019 ला राहिली सव्वा लाखाच्या आत. 61 टक्के घट. यंत्रं आली, वीटभट्ट्यांची कामं बदलली, हे आहेच. शिवाय चोरून मांसासाठी कापतात, अन्नसुरक्षेच्या नियमांत गाढव खायच्या जनावरांत बसत नाही तरी. अशा वेळी बेवारस सोडलेलं गाढव कोणाच्या टेम्पोत चढेल ते सांगायला नको.

आणि गाढव वाहतं काय, कोणासाठी? टेकडीवरच्या वस्त्यांत, जिथे टेम्पो सोडा, हातगाडी पण वळत नाही, तिथे रेती-विटा कशा चढतात बघा एकदा. उद्या गाढव जप्त केलं तर ती गोणी कोणातरी बाईच्या डोक्यावर येणार आहे. 1965 चे नियम आहेत ओझ्याच्या जनावरांचे, त्यात गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त 50 किलो. सिमेंटची एक गोणी 50 किलोची असते. म्हणजे एक गोणी चढली की संपलं. हा आकडा मुकादमाला माहीत आहे का? बिल्डरला, घर बांधणाऱ्याला? गाढववाल्याला फेरीमागे पैसे मिळतात, तो दोन गोण्या लादणारच, मग दंड एकट्या त्यालाच का, काम देणाऱ्याला पण का नको?

"कायदा आहेच" वाल्यांसाठी: हो, आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती माहितीये? दहा ते पन्नास रुपये. 1960 सालचे पन्नास आणि आजचे पण पन्नासच, वडापाव दोन आले तर आले. तीन वर्षांच्या आत पुन्हा पकडलं तर 25 ते 100 किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याच 1965 च्या नियमांत चांगल्या गोष्टी आहेत, दिवसाला नऊ तासांवर काम नको, सलग पाच तासांवर नको, काटेरी लगाम नको. आणि दुपारी 12 ते 3 मध्ये पारा 37 च्या वर असेल तर जुंपायचं नाही. आता गंमत बघा, मुंबईत मे महिन्यात पारा 33-34 ला असतो, नि दमटपणाने आपण भिजून चिंब. घोडा पण आपल्यासारखाच घामाने थंड होतो, हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग आतून तापतच राहतं. पण कागदावर 34 म्हणजे सगळं ठीक! म्हणजे कायद्यातला हा आकडा मुंबईच्या घोडीच्या कामाचाच नाही. दमटपणा धरून वेळ ठरवणारा नियम लागेल, नुसती अंमलबजावणी करून काय होणार?

जप्तीचं पण तसंच. जप्त जनावराचा खर्च मालकाकडून घ्यायची कायद्यात सोय आहे, पण म्हाताऱ्या गाढवाचा मालक बिल बघून परत येतच नाही, आणि ते येऊन पडतं हॉस्पिटलच्या दारात.

"गरज नाही" यावर फार बोलत नाही. गरज नसेल तर घोडी बुक कोण करतं?

ग्रुपवर हे सगळं टाकल्यावर मेसेज पाठवणाऱ्या काकांनी अंगठा दिला फक्त. त्यांच्या मुलाचं लग्न आहे मे मध्ये, मुलुंडला, मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे वरात साडेअकराला भर उन्हात. मी पर्सनलवर विचारलं, काका, घोडी सांगितलीये का? सांगितली होती. म्हटलं मग घोडीवाल्याला तीन गोष्टी विचारा, त्या दिवशी तिची ही कितवी वरात, पाणी कुठे पाजणार आणि डीजेपासून किती लांब उभी करणार. दोन तासांनी उत्तर आलं, "कितवी ते तो सांगत नाहीये गं."