‘पत्रादेवी सील ठेवली असती तर गोवा वाचला असता’: या दाव्याला उत्तर

कोरोनाच्या साथीचा विषय निघाला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: 2020 मध्ये गोवा सात रुग्णांवरून शून्यावर आला होता. मग सीमा उघडल्या आणि सगळं बिघडलं. पत्रादेवी, दोडामार्ग, मोले, पोळे ही गोव्याच्या सीमेवरची नाकी पक्की बंद ठेवली असती तर रोग आत शिरलाच नसता. सीमेवरच्या लोकांना फार तर एक चाचणीचं प्रमाणपत्र काढावं लागलं असतं, तेही थोडे दिवस. म्हणून पुढच्या साथीत पहिल्याच दिवशी सीमा सील करा.

हा मजकूर पाठवणाऱ्यांची भीती खोटी नाही. मे 2021 मधल्या दुसऱ्या लाटेत गोव्यानं काय सोसलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या भीतीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो तसाच रुजला तर पुढच्या वेळी गोव्यातल्या पेडणे, डिचोलीची आणि पलीकडच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडीची माणसं पुन्हा त्याच कोंडीत सापडतील.

‘सीमा बंद होत्या म्हणून आपण शून्यावर होतो’

एप्रिल 2020 मध्ये सातही रुग्ण बरे झाले आणि 1 मे रोजी केंद्राच्या यादीत गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरव्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात गेले, हे खरं. पण तेव्हा फक्त गोव्याची नाकी बंद नव्हती. 25 मार्चपासून रेल्वे, विमानं, कारखाने, बाजार, सगळा देशच थांबलेला होता. त्या थांबण्याचं श्रेय एकट्या पत्रादेवीच्या अडसराला देता येत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्याच केंद्रीय यादीत सिंधुदुर्गही हिरव्या विभागात होता. बेळगाव आणि उत्तर कन्नड नारिंगी, म्हणजे मधल्या धोक्याच्या, विभागात होते. म्हणजे सिंधुदुर्गातलं बांदा आणि गोव्यातलं तोरसे यांच्यामधला अडसर हिरव्या मुलखाला हिरव्या मुलखापासून तोडत होता. मुंबईहून आलेला प्रवासी आणि सिंधुदुर्गातल्या सातार्ड्याहून गोव्यातल्या न्हयबागेला कामावर येणारा माणूस यांचा धोका सारखा नव्हता, तरी दोघांना नियम एकच.

‘सीमा उघडल्या आणि बिघडलं’

इथे तारखाच उलट्या आहेत. वास्कोच्या मांगोर हिलवरचा उद्रेक 1 जून 2020 ला उघड झाला. त्या दिवसांत बाहेरून येणाऱ्याला चाचणी किंवा विलगीकरण चुकत नव्हतं. जूनमध्ये नियम होता: 2000 रुपये भरून चाचणी करा नाहीतर 14 दिवस घरात राहा. तरीही दाट वस्तीत, एका घरातून दुसऱ्या घरात रोग पसरत गेला आणि मग तालुक्यांमध्ये उतरला. गोव्यानं सीमा खऱ्या अर्थानं मोकळ्या केल्या 1 सप्टेंबरला. तोवर राज्यातले रुग्ण हजारोंत मोजले जात होते. 22 ऑगस्टची चवथही (गणेशचतुर्थीही) लोकांनी याच निर्बंधांत काढली.

2021 चंही तसंच. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानं 72 तासांच्या आतलं चाचणीचं निगेटिव्ह प्रमाणपत्र 10 मेपासून सक्तीचं झालं. त्या सुमारास गोव्यात दर दोन चाचण्यांमागे जवळजवळ एक बाधित निघत होता. आग घरात असताना लावलेली ती कडी होती. नवी लागण कमी करायला तिचा थोडा उपयोग झाला असेल, पण लाट आत आणणारं दार तेव्हा नाक्यावर नव्हतं.

‘एक प्रमाणपत्र काढायचं, त्यात काय?’

सगळ्यात जास्त अन्याय या वाक्यात आहे, म्हणून इथे हिशेब मांडूनच पाहू.

मे 2021 मध्ये गोव्यात शिरायला 72 तासांच्या आतला अहवाल लागत होता, आणि महाराष्ट्रात शिरायला आरटीपीसीआर (स्वॅबवरची प्रयोगशाळेतली चाचणी) 48 तासांच्या आतली. दोडामार्गहून थिवी किंवा म्हापशाला रोज कामाला जाणाऱ्या माणसाला ही दोन्ही घड्याळं एकाच दिवशी लागू. समजा, त्यानं सोमवारी सकाळी दहाला स्वॅब दिला आणि अहवाल मंगळवारी संध्याकाळी सहाला आला. बुधवारी सकाळी आठला तो गोव्यात शिरतो: स्वॅबपासून 46 तास, चालतं. संध्याकाळी सहाला घरी परततो: 56 तास, महाराष्ट्राच्या नियमानं अहवाल संपलेला. गुरुवारी सकाळी आठला पुन्हा गोव्यात: 70 तास, कसंबसं चालतं. परतीला पुन्हा नाही. म्हणजे एका अहवालावर दोनदा जाणं आणि एकदाही घरी येणं नाही. वेळ स्वॅबपासून न मोजता अहवालाच्या शिक्क्यापासून मोजली तर बुधवारची परत जमते, गुरुवारची मिनिटांवर येते. स्वॅबपासून की शिक्क्यापासून, एवढ्या एका शब्दावर माणसाचा दिवस अवलंबून.

सहा दिवसांच्या आठवड्याला असे तीन अहवाल लागतात. 31 मार्च 2021 नंतर महाराष्ट्रात खासगी संकलन केंद्रावर आरटीपीसीआरचा दर 500 रुपये होता. आठवड्याला 1500, महिन्याला 6000. शिवाय स्वॅब घेण्याची वेळ आणि पाळीची वेळ एकच असली तर दर वेळी अर्ध्या दिवसाचा पगार बुडतो. बारा हजारांवर राबणाऱ्यानं नोकरी ठेवायची की सोडायची, हा प्रश्न नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असायला हवा होता.

याला उपाय नव्हता असंही नाही. महाराष्ट्राच्या त्याच मे महिन्याच्या आदेशात, बाहेरून येणाऱ्या मालवाहू गाडीच्या चालकाचा आणि मदतनिसाचा अहवाल सात दिवस ग्राह्य धरला होता. कांद्याच्या ट्रकला जी सवलत मिळाली ती मजुराला मिळायला काय अडचण होती?

‘अडसर घातला की रोग बाहेर राहतो’

अहवाल निगेटिव्ह म्हणजे माणूस निरोगी, असं नसतं. लागण झाल्यानंतर चौथ्या दिवशी आरटीपीसीआरसुद्धा सरासरी तीनातले दोन बाधित चुकवते. आठव्या दिवशीही पाचातला एक निसटतो. तीन दिवसांपूर्वीचा कागद काल झालेली लागण दाखवू शकत नाही. तापमापक बंदुकीचा भरवसा तर त्याहून कमी. उन्हात दुचाकीवरून आलेल्याचं कपाळ तापलेलं दिसतं, घाम आलेल्याचं थंड. खरा आकडा हवा तर माणसाला निदान पंधरा मिनिटं सावलीत बसवावं लागतं, आणि सकाळी सात ते नऊच्या रांगेत ते होत नाही. लक्षणंच नसलेला बाधित तर या बंदुकीसमोरून सरळ पुढे जातो.

मालाच्या बाबतीत अतिकडक नियम उलटे फिरतात. ट्रक सीमेवर थांबवून माल दुसऱ्या गाडीत भरायला लावला तर चार-सहा हमाल, दोन चालक आणि एक कारकून नव्यानं एकमेकांच्या जवळ येतात. केबिनमध्ये बसून थेट म्हापशाला पोचणाऱ्या चालकाचा संपर्क यापेक्षा कमी असतो. शिवाय हायवे बंद झाला की माणसं पायवाटेनं येतात. साळ, हणखणे या बाजूंना रानातून गावाला गाव लागून आहे. नाक्यावरून आलेल्याची निदान वहीत नोंद होते. रानातून आलेला उद्या बाधित निघाला तर कोणाकोणाला शोधायचं हे आरोग्य केंद्राला कळतच नाही.

‘गोवा म्हणजे एक बंद घर’

नकाशा उघडून तेरेखोल पाहा. गाव गोव्याचं, पण नदीच्या पलीकडच्या काठावर, तीन बाजूंनी सिंधुदुर्ग आणि समुद्र. पेडण्यातल्या केरीशी त्याला जोडते ती फेरीबोट. फेरी थांबली की गोव्याच्याच माणसाला पेडण्याला यायला महाराष्ट्रातून आरोंद्याला जाऊन किरणपाणीचा पूल ओलांडावा लागतो. सील केलेल्या सीमेत हा माणूस आतला की बाहेरचा?

पाण्याचंही तसंच आहे. बार्देशच्या नळांना पाणी पुरवणारा अस्नोड्याचा प्रकल्प तिळारीच्या कालव्यावर चालतो, आणि तिळारीचं धरण दोडामार्ग तालुक्यात आहे. कालवा फुटला की दुरुस्तीची माणसं आणि यंत्रं सीमा ओलांडूनच जाणार. भाजी बेळगावची. ती बंद झाली की काय होतं ते मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात रिकाम्या दुकानांसमोर उभ्या राहिलेल्यांना विचारा.

मग करायचं काय?

लांबून, जास्त लागण असलेल्या शहरांतून येणाऱ्यांची तपासणी जरूर करावी. त्याला अर्थ आहे. पण सीमापट्टा वेगळा धरावा लागेल, आणि त्याची तयारी साथ नसतानाच व्हायला हवी. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि दोडामार्ग, सावंतवाडी यांतल्या सीमेलगतच्या गावांची एकच यादी दोन्ही बाजूंच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मान्य करावी. रोज ये-जा करणाऱ्याला पंचायतीचा आणि मालकाचा शिक्का असलेलं, फोटो आणि मार्ग लिहिलेलं तीस दिवसांचं एकच कार्ड द्यावं, जे दोन्ही नाक्यांवर चालेल. आदेशात मुदत कुठल्या वेळेपासून मोजायची ते ठळक लिहावं.

चाचणी आठवड्यातून एकदा, कारखान्याच्या फाटकावर किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि ती सात दिवस ग्राह्य. लागण (तपासलेल्यांतले बाधित) दोन टक्क्यांच्या खाली असेल तर पाच-पाच नमुने एकत्र तपासायला आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) एप्रिल 2020 मध्येच परवानगी दिली होती. शंभर कामगारांना वीस चाचण्या पुरतात. एक गट बाधित निघाला तर त्यातल्या पाचांची पुन्हा, एकूण पंचवीस. लागण पाच टक्क्यांच्या वर गेली की ही पद्धत सोडावी, कारण पुन्हा तपासावे लागणारे गट वाढत जातात आणि बचत घटत जाते.

नाक्यावर कार्डधारकांची रांग वेगळी हवी, वर छप्पर हवं आणि पाळीच्या वेळांना दुप्पट माणसं हवीत. एक तास कोंदट मांडवात उभं केलेली रांग स्वतःच लागणीची जागा होते.

रुग्णांसाठी नियम सर्वांत सोपा ठेवावा. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला जवळचं मोठं इस्पितळ गोव्यातलं बांबोळीचं. नाहीतर आंबोली घाट चढून कोल्हापूर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणाऱ्याकडून दर वेळी ताजा अहवाल मागणं म्हणजे त्याला उपचार नाकारणंच आहे. त्याला महिन्याचं कार्ड द्यावं आणि चाचणी डायलिसिसच्या खाटेवरच घ्यावी. रुग्णवाहिकेकडे नाक्यावर कुठलाच कागद मागू नये. स्वॅब बांबोळीला पोचल्यावर घ्यावा.