गोळ्या, जुगार आणि हुतूतू : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

गणपतीत आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळाने बीजीएमआयची, म्हणजे मोबाइलवरच्या पब्जी छापाच्या गोळीबाराच्या गेमची, टूर्नामेंट भरवली, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यांच्या बडोद्यात पोरं माना खाली घालून मोबाइलवर माणसं मारतायत आणि शिकलीसवरलेली बाई त्याचं कौतुक करतेय, हे वाचून वाईट वाटलं. पुढे आरोप असे : हा खेळ नव्हे, हिंसा आहे, व्यायाम होतो तो फक्त अंगठ्यांचा, मुळाशी जुगार आहे, आणि सरकारने बंद केलेला चिनी गेम मंडपात आणायचाच कशाला. शेवटी भाच्याच्या कोडकौतुकाचा टोमणा. तो आधी निकालात काढते. भाच्याची टीम पहिल्याच दिवशी सोळात सोळावी आली. कौतुकाला जागाच उरली नव्हती.

बाकी उत्तर लांबेल, कारण तुम्ही खो-खोचे पंच होतात आणि पंचाला दोन ओळींत वाटेला लावता येत नाही.

चिनीचं थोडक्यात सांगते. मूळ पब्जी कोरियन कंपनीचा, त्याची मोबाइल आवृत्ती चिनी टेन्सेंटकडे होती. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात ती गेली. मग कोरियाच्या क्राफ्टनने जुलै २०२१ मध्ये खास भारतासाठी बीजीएमआय आणला. तोही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून उतरला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्याआधी २०१९ मध्ये आपल्या गुजरातेतच, राजकोटला, पब्जी खेळताना सापडले म्हणून कॉलेजच्या पोरांना पोलिसांनी पकडलं होतं. तेव्हा ही पोरं बेफिकीर आहेत असं म्हणू नका. आपला खेळ उद्या असेल की नाही हे माहीत नसताना रोज रात्री सराव करणारी आहेत. बीजीएमआय बंद होता त्या दहा महिन्यांत कित्येक चांगल्या टीम फुटल्या. कुणी नोकरीला लागलं, कुणी फोन विकला.

आता हिंसेचं. काका, तुम्ही हुतूतूही खेळला असाल. त्यात गडी मरतो. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला मेलेला परत जिवंत होतो, गामिनीत मेला तो सगळा डाव संपेपर्यंत बाहेर, आणि अमरमध्ये मेला तरी मैदान सोडत नाही, नुसता गुण मोजतात. या गेममध्येही हेच चालतं. मोठा सामना गामिनीचा : टीममधले चौघे संपले की फोन खाली ठेवायचा. चार विरुद्ध चारचा छोटा सामना अमरचा : मेलेला लगेच परत येतो, चाळीस बळी आधी करील तो जिंकला. बंदुकीचं चित्र आणि आवाज खरा वाटतो, हे कबूल. लहान मुलांनी पाहावं असं ते नाही, हेही कबूल. पण सामना त्या बंदुकीवर ठरत नाही.

कसा ठरतो ते शेवटच्या दिवशीचं सांगते. सोळा टीम, चौसष्ट पोरं, आठ बाय आठ किलोमीटरचा इरँगल नावाचा नकाशा. झोन, म्हणजे खेळायची हद्द, आवळत आवळत शेवटी एक गवताळ उतार उरला आणि तिथे तीन टीम. त्यातली एक कारेलीबागची, दोघेच शिल्लक. त्यांच्या आयजीएलच्या, म्हणजे कप्तानाच्या, मागे मी उभी होते. तो मराठी-गुजराती भेसळीत, पण अगदी हळू बोलत होता : "स्मोक (धुराचे बॉम्ब) केटला छे? दोन? एक आपल्यावर टाक, एक जमणी (उजव्या) बाजूला. फायर नको. फायर केलास की आपण कुठे ते कळेल. लढू दे त्यांना." दुसऱ्याची बोटं घामाने भिजली होती, त्याने डब्यातली टाल्कम पावडर चोळली आणि नुसता झोपून राहिला. दोन टीम एकमेकींवर तुटून पडल्या. उरलेला एकजण पट्टी बांधायला बसला तेव्हा यांनी पहिली गोळी झाडली आणि सामना संपला.

त्या सामन्यात त्यांचे एकूण बळी तीन. पहिल्या नंबरला दहा गुण, प्रत्येक बळीला एक, म्हणजे तेरा. दुसऱ्या एका टीमने धडाधड अकरा बळी घेतले, मंडपातल्या लोकांनी शिट्ट्याही त्यांनाच मारल्या. पण ती सातवी आली. सातव्याला एक गुण, म्हणजे बारा. गोळीबाराचीच हौस असती तर गुणांचा हा तक्ता कुणी मान्य केला असता का?

अंगठ्यांबद्दल वाद घालत नाही. मुरलेले खेळाडू चार बोटांनी खेळतात, फोन मनगटाने वळवून नेम धरतात, पण त्याला व्यायाम कुणी म्हणत नाही. कॅरमला तरी कुठे दंड-बैठका लागतात? सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स, म्हणजे असल्या गेमच्या स्पर्धा, क्रीडा खात्याकडे दिले आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांना पदकंही होती. हा दाखला मी फार ताणणार नाही. सरकारी शिक्का आज आहे, उद्या नाही, हे पोरांनी दोनदा पाहिलंय.

जुगार मात्र नीट बोलू या, कारण तिथे तुमचं निम्मं बरोबर आहे. 'पेड रूम' नावाचा प्रकार असतो. ग्रुपवर जाहिरात येते, माणशी पन्नास रुपये यूपीआयने भरा, सामन्याच्या दहा मिनिटं आधी रूमचा आयडी-पासवर्ड मिळेल, 'पर किल', म्हणजे दर बळीमागे, अमुक रुपये. भरवणारा मधले पैसे खातो. हॅक लावलेली पोरं अशाच ठिकाणी जमतात, कारण इथे कुणी फोन तपासत नाही. तक्रार केली की ग्रुपमधून काढून टाकतात. भाच्याच्या मित्रांचे पैसे घेऊन असा एक ग्रुप रातोरात गायब झाला. हा जुगारच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करतो आणि ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे काढतो, ते योग्यच झालं. आमच्याकडे प्रवेश फी नव्हती. बक्षिसाला ढाल आणि हेडफोन.

पण काका, दुसरा जुगार तुमच्या नजरेतून सुटला. खेळाच्या आत यूसी नावाचं चलन विकत मिळतं आणि त्याने पेट्या उघडतात. पेटीत काय निघेल ते पैसे गेल्यावर कळतं. निघतो बंदुकीचा नुसता रंग. बर्फासारख्या निळ्या-पांढऱ्या एम४१६ बंदुकीसाठी पोरांनी आईच्या फोनवरून किती पैसे घातलेत ते आयांना विचारा. त्या रंगाने गोळी जास्त लागत नाही. यावर मंडळ काही करू शकत नाही, म्हणून मला याचाच राग जास्त आहे.

मंडळ करू शकतं ते नियमांचं. तुम्ही आखाड्यांचा दाखला दिलात, मी हिंद विजय जिमखान्याचा देते. हुतूतू गावागणिक वेगळा खेळला जायचा, निकालापेक्षा भांडणंच जास्त. १९२३ मध्ये याच बडोद्यात नियमांवर समिती बसली, जिमखान्याने ते छापले आणि त्याच वर्षी त्यांवर अखिल भारतीय सामने भरवले. आजच्या कबड्डीच्या वाटेवरचा तो मोठा टप्पा. तेव्हाही 'हा टवाळ पोरांचा धांगडधिंगा' म्हणणारे असणारच.

आमची पोरं आज त्याच्या आधीच्या अवस्थेत आहेत. भांडणं कशावरून होतात ऐका. दोन टीम आतून संगनमत करतात, त्याला टीमिंग म्हणतात. कुणी मोबाइलऐवजी कॉम्प्युटरवर इम्युलेटर लावून बसतो. कुणी सामन्याचं लाइव्ह बघून समोरचा कुठे लपलाय ते आपल्या टीमला कळवतो. म्हणून आम्ही पडदा मंडपात लावला आणि पोरांना मागच्या हॉलमध्ये दारं लावून बसवलं. तरी पहिल्या दिवशी एक आजोबा खिडकीशी जाऊन "अरे, झाडामागे आहे तो!" असं ओरडलेच. तो सामना रद्द करून पुन्हा घ्यावा लागला आणि ज्या टीमचा डाव चांगला चालला होता ती तासभर हुज्जत घालत होती. निर्णय द्यायला पंच म्हणून आमच्यातलाच एक कॉलेजकुमार, त्याचं कोण ऐकणार?

पुढच्या वर्षीच्या नियमांचा कच्चा मसुदा मी लिहितेय. संगनमत, इम्युलेटर, रद्द सामना कधी परत घ्यायचा, हे सगळं जमलंय. अडलंय ते वयावर. यंदा सोळाच्या आतल्यांना घेतलं नाही आणि अठराच्या आतल्यांकडून पालकांची सही मागितली. गेममध्येही अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण पोरं आईच्या नावाने अकाउंट काढतात आणि सही स्वतःच ठोकतात. दोन सह्या तर एकाच अक्षरात होत्या. पालकाने नाव नोंदवायला स्वतः यावं असं माझं म्हणणं, मंडळातल्या निम्म्यांच्या मते तसं केलं तर आठ टीमसुद्धा येणार नाहीत. तुम्ही शाळांचे सामने घेतलेत, वयाचे दाखले तुम्ही कसे तपासायचात ते लिहा. मसुदा इथेच टाकते, त्यावर लाल शाई चालवा.