खणण्याआधी बुजवण्याचे पैसे ठेवा

२१ ऑक्टोबर १९६६, वेल्समधलं अ‍ॅबरफॅन. कोळसा काढून उरलेली दगडमाती गावाच्या वरच्या डोंगरउतारावर वर्षानुवर्षं रचली जात होती. त्यातला सात नंबरचा ढिगारा पाण्याने भिजून भिजून त्या सकाळी सुटला आणि थेट शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यापुढचं फारसं कोणी सांगत नाही. उरलेले ढिगारे हटवा म्हणून गावकरी हटून बसले, तेव्हा त्या कामासाठी मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. मुलं गेलेल्या घरांसाठी लोकांनी पाठवलेले पैसे! खाण सरकारी मंडळाची, ढिगारा मंडळाचा, चौकशीत दोषही मंडळालाच दिलेला. ती रक्कम परत आली १९९७ साली, बिनव्याजी.

कोळसा हवा की नको, या वादात मी आज पडत नाहीये. माझं म्हणणं छोटं आहे. जमीन पूर्ववत करायचा खर्च खणणाऱ्याच्या खिशातून निघून तिऱ्हाइताच्या हातात पडायला हवा, आणि तोही पहिलं फावडं पडायच्या आधी. हे नसेल तर बाकीचे नियम कितीही सुबक लिहा, ते पाळायला लावायची ताकद सरकारकडे उरत नाही. खाण चालू असते तोवर कंपनीला सरकारची गरज असते. कोळसा संपला की गरज सरकारला, आणि कंपनी पुढच्या गावी.

अमेरिकेचा कोळसा खाणींनंतर जमीन पूर्ववत करण्याबद्दलचा १९७७ चा कायदा मला आवडतो तो यासाठी. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी हे विधेयक दोनदा अडवलं, शेवटी ३ ऑगस्ट १९७७ रोजी त्यांच्यानंतरचे अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. वरची सुपीक माती वेगळी काढून जपायची, डोंगराचा आकार साधारण पूर्वीसारखा आणायचा, त्यावर हिरवाई उभी करायची, हे सगळं त्यात आहे. पण खरी गोम हमीच्या रकमेत आहे. ती आधी भरल्याशिवाय परवाना नाही. आणि ती टप्प्याटप्प्याने सुटते: खड्डा भरून उतार नीट केला की काही भाग, उरलेला लागवड जगल्यावर. शेवटची पेरणी झाल्यापासून ५ वर्षं थांबायचं, कमी पावसाच्या भागात १०. मध्येच रोपं मेली आणि पुन्हा पेरावं लागलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वृक्षारोपणाचे फोटो काढून मोकळं होण्याची सोय तिथे नाही.

अर्थात पळवाट तिथेही निघालीच. मोठ्या कंपन्यांना स्वतःच स्वतःची हमी देता येत होती. म्हणजे पैसे बाजूला ठेवायचेच नाहीत, 'आमची पत बघा' म्हणायचं. मग ऑगस्ट २०१५ मध्ये अल्फा, जानेवारी २०१६ मध्ये आर्च आणि एप्रिलमध्ये पीबॉडी, अशा एकेक करून दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या आणि पत कशाला म्हणतात ते कळलं. तडजोडी होऊन बरंचसं निभावलं. पण निभावणं हा नियम होऊ शकत नाही.

आपल्याकडे कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीचं एस्क्रो खातं (म्हणजे कंपनीला मनाला येईल तेव्हा हात लावता येत नाही असं राखीव खातं) आणलं. कल्पना योग्यच. फरक एवढाच की या खात्यात पैसे खाणीच्या आयुष्यभर दरवर्षी थोडे थोडे भरायचे असतात. खड्डा मात्र तितका सबुरीने वाढत नाही. खाण मध्येच आटोपली तर समोर मोठा खड्डा आणि खात्यात सुरुवातीचे चार हप्ते. हप्त्यांची सवलत द्यायचीच असेल, तर सुरुवातीचे हप्ते सगळ्यात जड ठेवा.

आता मातीबद्दल, कारण पैशाच्या चर्चेत तीच विसरली जाते. सुपीक माती म्हणजे नुसती भुकटी नव्हे. तिच्यात बुरशीचे धागे असतात, जिवाणू असतात, बिया असतात. ती उंच ढिगात वर्षानुवर्षं पडून राहिली की आतल्या भागाला हवा मिळत नाही आणि ती हळूहळू मरते. म्हणून चांगली पद्धत अशी की खाण एका बाजूने पुढे सरकते आणि मागे मागे भराव होत येतो. पुढच्या पट्ट्यातली माती काढली की ती लगेच मागच्या पट्ट्यावर पसरायची, साठवायचीच नाही.

आणि इथे नियम लिहिणाऱ्यांचीही एक फजिती आहे. १९७७ नंतर पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत उतार घसरू नये म्हणून भरावावर बुलडोझर पुन्हा पुन्हा फिरवून तो सपाट, घट्ट करायची पद्धत पडली. वर भराभर वाढणारं गवत. कागदावर सगळं हिरवं. पण त्या दडपलेल्या जमिनीत झाडाचं मूळ खाली जाईना, पाणी मुरेना आणि गवताने रोपं गुदमरली. जिथे दाट जंगल होतं तिथे कुरणं झाली. शेवटी वनशास्त्रज्ञांनी सांगितलं की वरचा निदान चार फुटांचा थर सैल ठेवा, बुलडोझर कमी फिरवा, गवत विरळ पेरा. २००४ पासून तिथे याचा रीतसर प्रसार सुरू झाला. म्हणजे सत्तावीस वर्षं नियम पाळून जंगल येत नव्हतं! तपासनीस 'गुळगुळीत' बघायला शिकलेला होता, त्याला ओबडधोबड जमीन म्हणजे अर्धवट काम वाटायचं. हे वाचल्यापासून 'इतके टक्के हिरवं आच्छादन' असं कुठे दिसलं की मी आधी विचारते, कसलं हिरवं?

बरं, हमी सुटली म्हणजे जमीन शांत झाली असंही नाही. जर्मनीत नाखटरश्टेट इथे लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) जुन्या खाणीत पाणी भरून तळं होत होतं. खाणकाम थांबून कित्येक वर्षं लोटल्यावर, १८ जुलै २००९ रोजी काठाची जमीन घरांसकट त्यात घसरली, तीन माणसं गेली. आणि दगडातल्या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की तयार होणारं आम्ल दशकानुदशकं झिरपत राहतं, ओढे नारिंगी होतात. पाच वर्षांची मुदत त्याला कुठे पुरणार?

त्यामुळे जे कधीच संपणार नाही त्याचा हिशेब वेगळाच हवा. जर्मनीतच रूर या कोळसापट्ट्यात खाणींमुळे जमीन कित्येक मीटर खचली, आता पंप थांबवले तर वस्त्यांत पाणी शिरेल. तिथली शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. पंपांचा खर्च २००७ मध्ये स्थापन झालेलं प्रतिष्ठान स्वतःच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून करतं. अशा कामांना तिकडे सरळ 'अनंतकाळची कामं' म्हणतात. निदान नाव तरी खरं ठेवलंय.

खाणीत किंवा खाण खात्यात काम केलेलं कोणी इथे असेल तर मला एक विचारायचंय. काढलेली वरची माती प्रत्यक्षात किती महिने पडून असते, आणि तिच्या ढिगावर नोंदीची पाटी तरी असते का?